उघड्या दारांची वाट

पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील रस्त्यावर हातात बॅटरी घेतलेली एक किडकिडीत आकृती दिसू लागते. दूधवाला ओळखीने सायकलची घंटी वाजवितो आणि आळीतील कुत्री भुंकण्याचे कष्ट घेत नाहीत. ती आकृती आमची. गेली कित्येक वर्षे हा क्रम चालू आहे. प्रारंभी काहींना वाटले, फादरांना मधुमेह झाला असावा. काहींचा तर्क असा, की फादर वजन उतरवीत आहेत. वस्तुस्थिती अशी होती, की त्या दिवसांत आमचे वजन आधीच अकरा किलोंनी उतरले होते आणि ते पुन्हा कसे चढेल, ह्याची विवंचना आमच्या डॉक्टरांना लागली होती. आम्ही चालत होतो ते निराळ्याच कारणासाठी.

ते कारण आजवर आम्ही चारचौघांत सांगितलेले नाही. पोटाच्या, त्यातही शौचाच्या गोष्टी धर्मगुरूने उघडपणे बोलाव्यात, असा आपल्याकडे रिवाज नाही. हृदयविकार झालेला माणूस चारजणांत छातीवर हात ठेवून आपली कथा सांगू शकतो. आतड्याचा विकार झालेला माणूस मात्र विषय बदलतो. आम्हीही अनेक वर्षे विषय बदलत आलो. परंतु २०२४ साली आमच्या धर्मग्रामातील एका सोळा वर्षांच्या मुलाला हाच आजार जडला आणि त्याच्या आईने त्याचे फुटबॉलचे बूट माळ्यावर टाकून दिले. त्या बुटांमुळे आमचे मौन सुटले. म्हणून हा लेख.

आम्हांला क्रोन्सचा आजार आहे. हे नाव उच्चारले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "काय म्हणालात?" नावाची कथा मोठी गमतीची आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर ह्या तिघा डॉक्टरांनी चौदा रुग्णांच्या अभ्यासावरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या एका चिवट सुजेचे वर्णन प्रसिद्ध केले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली. त्यात क्रोन पहिले आले, आणि आजाराला त्यांचेच नाव चिकटले. वास्तविक १९१३ साली स्कॉटलंडमधील डॅल्झिएल नावाच्या शल्यचिकित्सकाने अशाच रुग्णांचे वर्णन करून ठेवले होते, परंतु त्याचे नाव मागे राहिले. क्रोन मात्र नव्याण्णव वर्षे जगले आणि १९८३ साली वारले. ज्याच्या नावाने आम्हांला इतका ताप दिला, त्याला इतके दीर्घायुष्य लाभावे, ह्याचा आरंभी आम्हांला किंचित रागच आला होता!

आजार असा, की शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही सूज येते, जखमा होतात, आतड्याची भिंत जाड होऊन मार्ग अरुंद होतो. पोट पिळवटून निघते, दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा शौचास धावावे लागते, रक्त कमी होते, सांधे धरतात. सर्वांत वाईट म्हणजे थकवा. झोपून उठल्यावरही न जाणारा थकवा. औषधांनी आजार निवतो, महिनोन्महिने गप्प बसतो, आणि मग एखाद्या दिवशी राखेखालचा निखारा पुन्हा फुलावा तसा फुलतो. मुळापासून तो जात नाही.

२००९ साली आमच्या पोटात दुखू लागले तेव्हा आमची चाळिशी जवळ आली होती. सेमिनरीत असताना आम्ही फुटबॉलमध्ये उजव्या बगलेवर खेळत असू. लॅटिनच्या तासाला डुलक्या घेणारे आम्ही, संध्याकाळच्या मैदानावर मात्र जागे असू. असा धट्टाकट्टा देह वर्षभरात वाळत गेला. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग पुष्कळ, आणि त्याची लक्षणे ह्या आजाराशी इतकी मिळतीजुळती, की दुर्बिणीतून पाहूनही अनुभवी डॉक्टर फसतात. आम्हांलाही प्रथम क्षयाची औषधे सुरू झाली. नऊ महिने घेतली. गुण आला नाही. पुन्हा तपासण्या, पुन्हा दुर्बीण, पुन्हा आतड्याचे तुकडे काढून परीक्षा, आणि २०१० च्या अखेरीस खरे नाव कळले. त्या पहिल्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. ह्या दोन आजारांना वेगळे करणे म्हणजे अंधारात जुळ्या भावांना ओळखण्यासारखे आहे.

मग स्टेरॉइड आले. पोट शांत झाले, चेहरा मात्र पुरीसारखा फुगला. लोक म्हणाले, "फादर, आता कशी तब्येत सुधारली!" आम्ही हसून आभार मानले. चेहरा भरत होता आणि मांड्या झिजत होत्या, हे झग्याखाली कोणाला दिसणार? ह्या औषधाने दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी आम्हांला सांगितले होते. त्यात आजारामुळे अन्नातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही.

आणि ह्या सर्वांवर उपाय म्हणून आमच्या प्रेमळ लोकांनी एकच औषध सुचविले. विश्रांती! आपल्या समाजात आजाऱ्यावरील प्रेम म्हणजे त्याला अंथरुणावरून उठू न देणे. कोणी पेज आणून देई, कोणी ताकात जिरे घालून पाठवी, कोणी कुड्याच्या सालीचा काढा. पायऱ्या चढू नका, घरभेटींना पायी जाऊ नका, सायकल तर मुळीच नको. आम्हीही ते आनंदाने मानले. थकलेल्या माणसाला विश्रांतीचा उपदेश गोड लागतो. दोन वर्षांत अशी अवस्था झाली, की देवळाच्या माडीवर गायकवृंदाला भेटायला जाताना मध्येच कठड्याला टेकून उभे राहावे लागे.

२०१३ साली आतड्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. वीतभर आतडे काढून टाकले. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक धर्मभगिनी, त्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका, पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"फादर, उठा. चालायचे आहे."

आम्हांला वाटले, त्यांचा पलंग चुकला असावा. पोटावर टाके, नाकात नळी, हाताला सलाईन. आम्ही म्हटले, "सिस्टर, काल तर पोट फाडले आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पडून राहिलात तर फुप्फुसात कफ साचेल, पायांत रक्त गोठेल, आणि आतडी झोपून राहतील. पोटाला उशी धरा आणि उठा."

आम्ही उशी पोटाशी धरली आणि दारापर्यंत सहा पावले टाकली. परत येताना घामाने निथळलो. प्रवचनात आम्ही कित्येकदा उठून चालू लागण्याविषयी बोललो होतो. त्या दिवशी कळले, की सहा पावले म्हणजे किती लांबचा प्रवास असतो. विश्रांती आणि औषध ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या सिस्टरांनी दिला. दुर्दैवाने आम्ही तो घरी येताच विसरलो.

तो पुन्हा आठवावा लागला २०१५ साली. त्या प्रसंगाविषयी लिहिताना आजही हात अडखळतो. रविवारचा मिस्सा चालू होता. देऊळ भरलेले. प्रवचनाच्या मध्यावर पोटात कळ आली, आणि ती थांबणारी नाही हे आम्ही ओळखले. वाक्य अर्धे टाकून आम्ही वेदीमागील खोलीतून बाहेर पडलो. मागे गायकांनी प्रसंग ओळखून गीत सुरू केले, ते संपताच दुसरे सुरू केले. आठ-दहा मिनिटांनी आम्ही परतलो आणि पुढचे विधी पूर्ण केले. कोणी काही बोलले नाही. परंतु दोन आठवड्यांनी तसेच झाले, आणि त्या वेळी आम्ही वेळेत पोहोचू शकलो नाही. त्या दिवशी झगा आम्ही स्वतःच धुतला, दार लावून.

त्या रात्री आम्ही बिशपांना पत्र लिहिले. प्रकृतीच्या कारणास्तव धर्मग्रामाच्या जबाबदारीतून मुक्त करावे, एखाद्या संस्थेत कार्यालयीन काम द्यावे, अशी विनंती. पत्र पाकिटात घातले, पाकीट बंद केले आणि टेबलाच्या खणात ठेवले. सकाळी टपालात टाकू, असे ठरविले.

सकाळी झोप लवकर मोडली. पत्र टाकण्यापूर्वी एकदा समुद्र पाहून यावा, असे का कोण जाणे वाटले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमचे गाव. देवळापासून केळीच्या वाड्यांमधून, एका जुन्या बावखलाच्या काठाने, सुरूच्या बनापर्यंत दीड किलोमीटरचा रस्ता. औषध बदलल्यापासून आजार थोडा निवला होता, पण मनातील भीती निवली नव्हती. पाच मिनिटांत आम्ही परत फिरलो. कारण पोट दुखत होते असे नव्हे. पोट दुखले तर काय, ह्या विचारानेच पाय मागे वळले. हा आजार असलेल्या प्रत्येकाला ही भीती ठाऊक असते. त्याच्या मनातील नकाशावर देऊळ, शाळा, बाजार अशा खुणा नसतात. केवळ शौचालये असतात.

परतताना बावखलाशी एक निवृत्त शिक्षक भेटले. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सोबत चालू लागले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "फादर, आमच्या घराचे मागचे दार पहाटे पाचपासून उघडे असते. न्हाणीघर उजव्या हाताला. हाक मारायची गरज नाही."

आम्ही लाजेने खाली पाहिले. रविवारी घडलेले सगळ्यांना कळले होते तर! मास्तर पुढे म्हणाले, "माझे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले तेव्हा मी सहा महिने मिस्साला आलो नाही. तुम्ही घरी येऊन विचारलेत, 'मास्तर, का येत नाही?' मी म्हटले, 'गुडघे दुखतात.' खोटे बोललो होतो, फादर."

त्या दिवशी आम्ही पत्र टपालात टाकले नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरापर्यंत चाललो. आठवडाभराने मास्तरांनी आणखी एक दार मिळविले, बावखलापलीकडील एका विधवा मावशींचे. मग सुरूच्या बनाजवळच्या मच्छीमार कुटुंबाचे. महिन्याभरात समुद्रापर्यंतच्या वाटेवर चार दारे आमच्यासाठी उघडी राहू लागली. दहा वर्षांत त्या दारांतून आत जाण्याची पाळी मोजून बारा-तेरा वेळा आली असेल. पण ती उघडी आहेत, ह्या जाणिवेनेच पाय पुढे पडत गेले. धर्मगुरूने लोकांसाठी दार उघडे ठेवावयाचे असते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. लोकांच्या उघड्या दारातून संकोच न करता आत कसे जावे, हे मात्र मास्तरांनी शिकविले.

चालण्याने काय साधले, हेही सांगितले पाहिजे. आजार बरा झाला नाही. व्यायामाने तो बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. औषधे आम्ही आजही घेतो. परंतु थकवा कमी झाला, झोप लागू लागली, माडीचा जिना एका दमात चढता येऊ लागला. कॅनडात २००७ साली बत्तीस रुग्णांचा एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास साधे चालावयास सांगितले होते. चालणाऱ्यांचे जीवनमान सुधारले आणि चालण्याने आजार बळावला नाही. आमच्यासारख्या भित्र्यांना ह्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या दोन बाटल्या हातांत घेऊन दंडांचा व्यायाम सुरू केला आणि खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठण्या-बसण्याचा. हाडांवर भार पडला तर ती तग धरतात, बिछान्यावर ती झिजतात.

काही नियम अनुभवाने बसले. काही खाल्ले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, म्हणून न्याहारीपूर्वी चालावे, अथवा नंतर दोन तास जाऊ द्यावेत. पाण्यासोबत मीठ-साखरही शरीरातून जाते, म्हणून जलसंजीवनी जवळ असावी. सांधे दुखले तरी मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांतील अनेक आतड्याला बाधतात. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर जड ओझे उचलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आजार भडकला असता, ताप, रक्त वा तीव्र वेदना असता, खुशाल पडून राहावे. त्या दिवसांतील विश्रांती हा आळस नव्हे.

हा शेवटचा नियम आम्ही मोडून शिकलो. २०१८ च्या एप्रिल महिन्यात आमच्या युवकांनी तुंगारेश्वरच्या डोंगरावर पदभ्रमण ठरविले. दोन-तीन दिवस पोटाचे लक्षण ठीक नव्हते. पण चालण्याचा एव्हाना आम्हांला अहंकार झाला होता. कोणाला काही न सांगता आम्ही निघालो, मुलांच्या पुढे राहण्यासाठी भरभर चढलो. जोराचा श्रम करताना शरीर आतड्यांकडील रक्त स्नायूंकडे वळविते. निरोगी धावपटूंचेही पोट त्यामुळे बिघडते, मग आमच्या सुजलेल्या आतड्याची काय कथा! अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलांनी आम्हांला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणले. पुढचे पाच दिवस रुग्णालयात सलाईनवर काढले. भीतीने अंथरुणाला खिळणे आणि अहंकाराने डोंगर चढणे, ह्या दोहोंत आपल्या देहाचे न ऐकणे हा दोष एकच.

म्हणून त्या मुलाच्या आईसमोर बसलो तेव्हा आमच्यापाशी दोन्ही कथा होत्या. ती माउली रडत म्हणाली, "फादर, ह्याच्या पोटात जखमा आहेत. कोणाचा चेंडू लागला तर? धावताना काही झाले तर? तुम्हीच सांगा ह्याला, आता खेळ नको." मुलगा भिंतीकडे पाहत होता.

आम्ही तिला आयझेनहॉवरांची गोष्ट सांगितली. अमेरिकेचे हे राष्ट्राध्यक्ष. १९५६ च्या जून महिन्यात ह्याच आजारासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. आदल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटकाही येऊन गेला होता. त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले, आणि त्यांचा गोल्फही सुटला नाही. मग अमेरिकन फुटबॉलमधील डेव्हिड गॅरर्ड ह्यांची, २००४ साली आतड्याचा भाग काढून टाकल्यानंतर जे आपल्या संघाचे आघाडीचे खेळाडू झाले. आणि कॅथलीन बेकर ह्या जलतरणपटूची, जिने हा आजार अंगी असताना २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळविले. आईने डोळे पुसून विचारले, "ते मोठे लोक. आमच्या पोराचे काय?" तिचा प्रश्न योग्य होता. मग आम्ही आमची कथा सांगितली, झगा धुतल्याच्या रात्रीसकट. ती ऐकताना मुलाने प्रथमच भिंतीवरची नजर काढून आमच्याकडे पाहिले.

"फादर, तुम्हांलाही?" तो म्हणाला.

"आम्हांलाही, बाळा."

डॉक्टरांची अनुमती घेतली. आजार निवेपर्यंत खेळ नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले आणि ते आम्हीही त्याच्या गळी उतरविले. चार महिने तो पहाटे आमच्यासोबत चालला. पहिल्या दिवशी मास्तरांच्या घरापर्यंत, मग बावखलापर्यंत. पुढे त्याने चेंडू आणला आणि वाळूवर हलक्या पायाने खेळू लागला. बूट माळ्यावरून आईनेच उतरविले. आता तो सामन्याचा अर्धाच भाग खेळतो. आई कडेला जलसंजीवनीची बाटली घेऊन बसते आणि चेंडू त्याच्या पोटाच्या दिशेने आला की डोळे मिटून घेते. ती भीती जाणार नाही. जावी, अशी आमची अपेक्षाही नाही. कधी कधी त्याला आठ-आठ दिवस अंथरुणावर काढावे लागतात. तसे दिवस आम्हांलाही येतात. मागच्याच पावसाळ्यात तीन आठवडे आमची मजल खोलीच्या दारापर्यंतच होती. अशा वेळी तो मुलगा संध्याकाळी येऊन बसतो. फुटबॉलविषयी बोलतो, पोटाविषयी चकार शब्द काढीत नाही. काही गोष्टी आम्हां दोघांत न बोलताच समजतात.

बिशपांना लिहिलेले पत्र अजून खणात आहे. आम्ही ते फाडले नाही. कदाचित पुढे कधी ते खरोखरच पाठवावे लागेल. त्या दिवशी ते लाजेने पाठविले जाणार नाही, एवढे निश्चित.

मास्तर २०२१ साली गेले. त्यांच्या पाठीमागे ते दार बंद होईल, अशी एक क्षुद्र शंका आमच्या मनात आली होती. अंत्यविधीनंतरच्या पहिल्या पहाटे आम्ही त्या घरावरून गेलो. मागच्या पडवीतील दिवा लागलेला होता, दार लोटलेले होते, आणि त्यांच्या सूनबाई अंगण झाडीत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलविली आणि झाडणे चालू ठेवले. आम्ही पुढे समुद्राकडे निघालो.